स्वस्ताई कुणाची?

चीनमध्ये वर्षभर राहून आल्याचे कळले की लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, "तिकडे तू खायचीस तरी काय?" आणि दुसरा, "तिकडे म्हणे फार स्वस्ताई आहे?" पहिल्याचे उत्तर सोपे आहे. मी भात खात होते, भाजी खात होते, आणि आमच्या आजीला भीती होती त्याप्रमाणे साप-बेडूक कुणी माझ्या ताटात वाढले नाहीत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही मी पूर्वी झटकन देत असे. "हो, फार स्वस्त!" असे सांगताना मला एक प्रकारचा अभिमान वाटे, जणू ती स्वस्ताई मीच शोधून काढली होती. आता तो प्रश्न आला की मी थांबते. का थांबते, ते सांगण्यासाठी हा लेख.

याच महाविद्यालयातून मी २०१८ साली बी. ए. झाले. त्याच वर्षी चिनी भाषा शिकण्यासाठी एक वर्षाची शिष्यवृत्ती मिळाली. परत आल्यावर घरच्या अडचणी, मग साथीची दोन वर्षे, मग नोकरी, असा शिक्षणात खंड पडला, आता एम. ए. साठी पुन्हा त्याच बाकांवर येऊन बसले आहे. वर्गातल्या दोघी-तिघी परदेशी भाषा शिकत आहेत. २०२० पासून बंद असलेली भारत आणि चीन यांच्यामधील थेट विमाने २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा सुरू झाली, तेव्हापासून "आम्हीही जाऊ का?" असे त्या विचारतात. जरूर जा, असेच मी सांगते. पण जाण्यापूर्वी माझा हिशेब एकदा ऐकून जा, असेही म्हणावेसे वाटते.

माझे गाव होते दाली. चीनच्या नैर्ऋत्येला, ब्रह्मदेशाला लागून युन्नान नावाचा प्रांत आहे. चीन म्हटले की आपल्याला हिमालयापलीकडचे काहीतरी फार दूरचे वाटते. पण पुण्याहून हावड्याला जायला मला रेल्वेने दीड दिवस लागला, आणि कोलकात्याहून विमानाने युन्नानची राजधानी कुनमिंग गाठायला तीन तासही लागले नाहीत. कुनमिंगहून दालीला जाणारी जलद गाडी त्याच वर्षीच्या जुलैत सुरू झाली होती. तिने दोन तासांत पोचवले. गाडी थांबते ती श्यागुआन या नव्या शहरात. तिथून बसने उत्तरेला गेले की जुने दाली लागते. चार बाजूंना वेशी, दगडी रस्ते, रस्त्याच्या कडेने डोंगरातून आलेले वाहते पाणी, आणि दोन मजली कौलारू घरे. पश्चिमेला त्सांगशानचा डोंगर, त्याचे सर्वांत उंच शिखर ४,१२२ मीटर. पूर्वेला अरहाय नावाचे लांबट सरोवर. गावच मुळात महाबळेश्वरापेक्षा उंचावर असल्यामुळे उन्हाळा जाणवत नाही आणि हिवाळा सोसण्यासारखा असतो.

एके काळी ही राजधानी होती. इ. स. ९३७ ते १२५३ या काळात दालीचे स्वतंत्र राज्य होते. कुबलाईखानाच्या मंगोल फौजांनी ते बुडवले. इथले मूळचे लोक बाय जमातीचे. त्यांची भाषा चिनीहून वेगळी आहे. त्यांच्या जुन्या बौद्ध पंथातील पुरोहितांना 'आझाली' म्हणतात, आणि तो शब्द आपल्या 'आचार्य' शब्दावरून आलेला आहे. हे कळले तेव्हा मला कोण आनंद झाला होता! परक्या गावात आपले माणूस भेटावे तसा तो शब्द भेटला.

विद्यापीठाच्या वसतिगृहात न राहता बाहेर खोली घ्यायची, असे मी ठरवले. कारण साधे होते. वसतिगृहात आम्ही भारतीय, नेपाळी, बांगलादेशी मुली एकत्र. दिवसभर हिंदी आणि इंग्रजी. चिनी शिकायची तर चिनी घरात राहायला हवे. शिष्यवृत्तीचे महिना २,५०० युआन मिळत, आणि बाहेर राहणाऱ्यास घरभाड्यापोटी ७०० युआन वेगळे. त्या वेळी एक युआन म्हणजे साधारण दहा रुपये. डोंगराच्या पायथ्याशी, गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाड्यात मला खोली मिळाली. भाडे ६०० युआन. मी मनात दहाने गुणले : सहा हजार रुपये. पुण्यात मैत्रिणी तेवढ्यात एका खोलीतली एक खाट घेऊन राहत होत्या. इथे पूर्ण खोली, खिडकी, खिडकीतून खाली दिसणारे सरोवर! मी एका शब्दाने घासाघीस केली नाही. त्याच रात्री घरी फोन करून सांगितले, "आई, इथे सगळे फुकट असल्यासारखे आहे."

घरमालकिणीला मी 'आयी' म्हणू लागले. चिनी भाषेत 'आ-यी' म्हणजे मावशी किंवा काकू; कोणत्याही वडीलधाऱ्या बाईला असेच हाक मारतात. पण माझ्या मराठी कानाला त्यात 'आई'च ऐकू येई, आणि पहिले काही दिवस हाक मारताना घसा दाटून येत असे. आयी साठीच्या आसपासची. पाठीवर टोपली बांधून शेतात जाणारी, मोठ्याने बोलणारी. पोलीस ठाण्यात माझी नोंद करायला ती स्वतः माझ्याबरोबर आली. परदेशी माणसाने नव्या जागी राहायला आल्यावर २४ तासांत ती करावी लागते. पोलिसाने नाव लिहून घेतले, छायाचित्र काढले आणि हसून निरोप दिला. वाटेत आयीने मला दुधाचा एक भाजलेला पापड खाऊ घातला. तिकडे गाईचे दूध आंबट पाण्यात फाडून तो गोळा पातळ ताणतात आणि काठ्यांवर वाळत घालतात. चीनमध्ये दुधाचे असे पदार्थ फारसे कुणी करत नाहीत. हे लोक करतात. त्या एका पापडाने माझी आणि आयीची गट्टी जमली.

तिचे घर बाय लोकांच्या जुन्या पद्धतीचे होते. तीन बाजूंना खोल्या आणि चौथ्या बाजूला एक पांढरी भिंत. सकाळ-संध्याकाळचे ऊन त्या भिंतीवर पडून चौकात परतते. अशा भिंतीवर चार मोठी अक्षरे लिहिलेली असतात आणि त्यांवरून घराण्याचे आडनाव ओळखता येते. आयीच्या सासरचे आडनाव चांग. चांगांच्या भिंतीवरच्या अक्षरांचा अर्थ, 'शंभर सहनशीलतांचा लौकिक'. त्यामागे एक कथा आहे. थांग राजवटीत एका चांग घराण्याच्या नऊ पिढ्या एका घरात राहत होत्या. सम्राट काओत्सुंग त्यांच्या घरी गेला आणि हे कसे साधले म्हणून त्याने विचारले. घरातल्या कर्त्या म्हाताऱ्याने कागद मागवला आणि 'सहन करणे' हे एकच अक्षर शंभर वेळा लिहून दिले. माझ्या वाचनाच्या सरावासाठी आयीच्या म्हाताऱ्या सासऱ्यांनी ही कथा मला सांगितली. मी ती वहीत उतरून घेतली आणि छान कथा म्हणून विसरून गेले. पुढे ती वेगळ्या कारणाने आठवली.

मी भारतातली, हे कळल्यावर त्याच आजोबांनी "ख दी-ह्वा!" असा उद्गार काढला होता. मला आधी उमजेना. मग लक्षात आले, हे आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणिसांचे चिनी नाव. १९३८ साली काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले, युद्धात जखमी सैनिकांची सेवा करीत राहिले, चिनी शिकले, तिथल्याच परिचारिकेशी लग्न केले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. मी काही न करता केवळ त्यांच्या गावच्या बाजूची असल्यामुळे आजोबांच्या नजरेत माझी किंमत वाढली. हे फुकटचे पुण्य मी आनंदाने घेतले.

आता गावातल्या इतर परदेशी लोकांविषयी. परदेशी पर्यटकांना दाली १९८४ मध्ये खुले झाले, आणि तेव्हापासून पाश्चात्त्य लोक तिथे येत राहिले. जुन्या गावातल्या एका रस्त्याला 'परदेशी लोकांचा रस्ता' असेच नाव पडले आहे. काही आठवड्याभरासाठी येतात, काही वर्षानुवर्षे राहतात. एका कॉफीच्या दुकानात शनिवारी त्यांची बैठक जमे. इंग्रजी बोलायला मिळे म्हणून मीही जात असे. माणसे मनमोकळी होती. कुणी चित्रे काढी, कुणी लिहिण्याचे काम करून ते दूरच्या देशात पाठवी, कुणी नुसतेच राही. पण बोलण्याचा मुख्य विषय कोणता? किंमती. नूडल्सचा वाडगा किती स्वस्त, घरभाडे किती कमी, आपल्या देशात याच पैशांत काय मिळाले असते. मी युआनला दहाने गुणत होते, ते युआनला सातने भागून डॉलर करीत होते. आणि मग सगळे एकमताने म्हणत, "काय स्वस्त गाव आहे!"

या बैठकीत एकदा आयीची आठवण झाली. आयी गुणत नव्हती आणि भागतही नव्हती. तिच्या लेखी एक युआन म्हणजे एक युआन. आठ युआनचा नूडल्सचा वाडगा तिला स्वस्त वाटत नसे. ती तो बाजारात कधीच खात नसे, घरून डबा नेई. एकाच रस्त्यावर, एकाच वाडग्यापुढे आम्ही दोघी उभ्या राहिलो तर तो मला स्वस्त आणि तिला महाग! मग ते गाव स्वस्त आहे, या वाक्याचा अर्थ काय? वस्तुतः स्वस्ताई ही त्या गावात नव्हतीच. ती आमच्या खिशात आणि त्यांच्या खिशात जे अंतर होते, त्या अंतराचे नाव होते.

हे मला तेव्हा इतके स्पष्ट कळले, असे नाही. कळायला एक मुलगी कारण झाली.

नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी वाड्याच्या दारात विजेवर चालणारी दुचाकी थांबली आणि माझ्याच वयाची एक मुलगी आत आली. माझ्या खोलीतल्या कपाटाच्या वर एक मोठे गाठोडे होते. ते आयीचे असेल असे मी समजत होते. ते तिचे होते. थंडी सुरू झाली म्हणून ती आपली रजई न्यायला आली होती. ती मूळची युन्नानच्याच पण ईशान्येकडच्या चाओथुंग भागातली. तो भाग गरीब. दालीच्या बाजारपेठेत गुलाबाच्या पाकळ्यांचे सारण भरलेल्या गोड पोळ्या पर्यटकांना विकतात, तशा एका दुकानात ती काम करीत होती. पगार २,००० युआन. म्हणजे दिवसाचे दहा तास उभे राहून तिला जे मिळत होते, त्याहून मला नुसते वर्गात बसण्याचे जास्त मिळत होते.

तिने सहज विचारले, "तू किती देतेस?" चीनमध्ये भाडे, पगार, वय असे काहीही विचारण्यात संकोच नसतो. मी म्हणाले, "सहाशे." ती हसली आणि म्हणाली, "मी साडेतीनशे देत होते. बरे झाले, आयीला चांगली भाडेकरू मिळाली." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरे झाले असते. मी काहीतरी उत्तर दिले असते. आता ती गावापासून अर्ध्या तासाच्या वाटेवर दोन मुलींबरोबर एका खोलीत राहत होती. तिने रजई दुचाकीवर दोरीने बांधली, मला तिच्या दुकानात येण्याचे निमंत्रण दिले आणि गेली.

त्या रात्री मला झोप आली नाही. मी घासाघीस केली नव्हती, याचा मला मोठा अभिमान होता. गरिबांशी काय घासाघीस करायची, असे मी उदारपणे मनाशी म्हटले होते. आणि माझ्या त्या उदारपणाने एका मुलीला खिडकी असलेल्या खोलीतून बाहेर काढले होते. तिला काढताना मला ती दिसलीसुद्धा नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी आयीवर थोडी रागावले. मनातल्या मनात तिला लोभी ठरवून मोकळी झाले. पण तेही खोटे होते. आयीच्या कुटुंबाचे हाती येणारे पैसे लसणीचे. अरहाय सरोवराकाठच्या जमिनीत लसूण उत्तम येते आणि तिला भावही चांगला मिळतो; पण तिला पाणी फार लागते आणि खतही फार लागते. ते खत पावसाबरोबर सरोवरात उतरे. सरोवरात शेवाळ माजू लागले. पर्यटकांसाठी काठावर उभ्या राहिलेल्या शेकडो खानावळी आणि निवासांचे सांडपाणीही त्यातच. २०१७ च्या एप्रिलमध्ये सरकारने काठावरच्या संरक्षित पट्ट्यातील निवास आणि खानावळी बंद करायला लावल्या, आणि २०१८ च्या पावसाळ्यात सरोवराच्या खोऱ्यात लसूण लावण्यावरच बंदी आली. म्हणजे मी ज्या सप्टेंबरात गेले, त्याच हंगामात आयीची लसूण बंद झाली होती. तिची जी तूट आली ती तिने जवळ जे होते त्यातून भरून काढली. जवळ एक खोली होती. साडेतीनशे देणारी मुलगी तिला आवडत होती. पण सहाशे देणारी मुलगी दारात उभी होती.

यात दोष कुणाचा? सरोवर वाचवणाऱ्या सरकारचा म्हणावा, तर त्या सरोवराचे निळे पाणी पाहायलाच मी खिडकी घेतली होती. आयीचा म्हणावा, तर तिने पोट भरायचे कसे? त्या मुलीचा तर नाहीच नाही. शेवटी बोट माझ्याकडे वळते. मी कायद्याने काही चुकीचे केले नव्हते, हे खरे. परंतु बाहेरून येणारा प्रत्येक जण असेच म्हणतो, आणि असे म्हणणाऱ्यांची संख्या वाढली की गावाचे भाव बदलतात.

मग मी डोळे उघडे ठेवून पाहू लागले. आयीच्या धाकट्या दिरांनी आपला वाडा २०११ मध्ये किनाऱ्यावरच्या एका मोठ्या शहरातून आलेल्या गृहस्थांना भाड्याने दिला होता. खेड्यातली जमीन तिथे बाहेरच्यांना विकता येत नाही, पण भाडेपट्टा करता येतो, आणि तो जास्तीत जास्त वीस वर्षांचा. वीस वर्षांचे भाडे आधी ठरले. तेव्हा ती रक्कम डोळे दिपवणारी वाटली. त्या गृहस्थांनी वाड्याचे सुंदर निवासगृह केले. आता शेजारचे वाडे अनेक पटींनी जास्त भाड्याला जात होते, आणि दीर मागच्या बाजूच्या दोन खोल्यांत राहून स्वतःच्या चौकात परक्या पाहुण्यांच्या चहाचे पेले वाजताना ऐकत होते. रोज संध्याकाळी ते आयीकडे येऊन त्या कराराविषयी तेच तेच बोलत. आयी त्यांना पांढऱ्या भिंतीवरची अक्षरे दाखवी. तेव्हा मला शंभर सहनशीलतांची कथा आठवली. नऊ पिढ्यांनी एकमेकांचे सोसले ते ठीक. पण हे सोसणे कुणासाठी?

इथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. बाहेरचे लोक आले म्हणून गावाचे नुकसानच झाले, असे मुळीच नाही. आयीच्या घरातले पक्के न्हाणीघर भाड्याच्या पैशांतून झाले. तिच्या नातीला श्यागुआनच्या शाळेत ठेवता आले ते त्याच पैशांतून. आमच्या वर्गात मी हा विषय काढला तेव्हा एक चिनी विद्यार्थी उसळून म्हणाला, "आम्ही गरीबच राहावे, म्हणजे तुम्हाला गाव सुंदर दिसेल, असेच ना?" त्याचे म्हणणे मला आजही टोचते. जुनी कौले आणि वाहते पाणी टिकावे म्हणून कुणी दरिद्री राहावे, असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. माझे म्हणणे इतकेच, की बाहेरच्याचा पैसा गावात येतो तेव्हा तो सर्वांच्या हातात सारखा पडत नाही. ज्याच्याकडे खोली आहे त्याच्या हातात पडतो. ज्याला खोली हवी आहे त्याच्या हातून काढून घेतला जातो. चाओथुंगची ती मुलगी आणि मी, दोघीही त्या गावात परक्याच. पण मी 'पाहुणी' होते आणि ती 'कामाला आलेली'.

परदेशी माणसाची बाजूही सांगायला हवी. शनिवारच्या बैठकीत एक वयस्क गृहस्थ येत. ते बारा वर्षे तिथे होते, शिकवत होते. बाजारातल्या भाजीवाल्या त्यांना नावाने हाका मारीत. पण त्यांची साठी जवळ आली होती. साठीनंतर परदेशी माणसाला तिथे कामाचा परवाना सहसा मिळत नाही, आणि कायमचे राहण्याची परवानगी फार थोड्यांना मिळते. बारा वर्षे ज्या गावाला ते घर म्हणत होते, तिथला त्यांचा मुक्काम दरवर्षी एका शिक्क्यावर अवलंबून होता. बाकीचे लोक "दाली आता महाग झाले, दुसरीकडे जाऊ" म्हणून थायलंड आणि लाओसच्या गप्पा मारू लागले की हे गृहस्थ गप्प बसत. बाहेरच्याला असे गाव स्वस्तात राहायला मिळते, पण ते गाव त्याला मिळत नाही. त्यांच्याकडे पाहून मला वाटे, की स्वस्ताईसाठी आलेला माणूस स्वस्ताई संपली की निघून जातो, आणि माणसांसाठी राहिलेल्याला जाताना त्रास होतो. दोघांत फरक आहे तो इथेच.

आणि मग आजोबांचा तो "ख दी-ह्वा" आठवला. कोटणीस जिथे गेले ते गावही गरीबच होते. युद्धात होरपळलेले होते. ते स्वस्त आहे म्हणून ते गेले नव्हते. तुलना करण्याची माझी पात्रता नाही, आणि प्रत्येकाने कोटणीस व्हावे असे म्हणणेही भाबडेपणाचे होईल. मात्र त्यांचे नाव ऐकून मी जे पुण्य फुकट पदरात पाडून घेतले होते, त्याची मला लाज वाटली. एखाद्या गावी आपण काय घ्यायला जातो, हा प्रश्न त्यांच्या निमित्ताने प्रथमच माझ्यापुढे उभा राहिला.

मी काय केले? सांगण्यासारखे फार नाही. त्या मुलीच्या दुकानात मी गेले; आमची मैत्री झाली. खोली अर्धी-अर्धी वाटून घेऊ, असे मी सुचवले. डिसेंबरात ती परत राहायला आली. दोघींनी तीनतीनशे द्यायचे ठरले, आयीचे सहाशे आयीला मिळाले, आणि पुढचे सात महिने माझी चिनी भाषा कोणत्याही वर्गात सुधारली नसती इतकी सुधारली. १९ एप्रिल २०१९ ला, नेमक्या आपल्या हनुमान जयंतीला, तिथली तिसऱ्या महिन्याची मोठी जत्रा सुरू झाली. त्यांचा महिनाही चंद्रावर चालतो, म्हणून त्यांची पंधरावी तिथी आणि आपली पौर्णिमा एकच आली. डोंगराच्या पायथ्याशी औषधी मुळ्या, घोडे, भांडी यांचा बाजार भरला होता. आयी, ती आणि मी तिघी गेलो. त्या दिवशी मी कशालाही दहाने गुणले नाही. खरे सांगते, त्या दिवशी मला ते गाव स्वस्तही वाटले नाही आणि महागही वाटले नाही. ते नुसते गाव वाटले.

परतल्यावर आम्ही चिनी ॲपवरून बोलत असू. जून २०२० मध्ये आपल्या सरकारने इतर चिनी ॲपबरोबर त्यावरही बंदी घातली आणि तो धागा तुटला. आयीचा शेवटचा निरोप असा होता, की खोली आता ९०० ला गेली आहे, आणि ती मुलगी गावी परत गेली. पुढे २०२३ च्या जानेवारीत दाली परिसरात चित्रित झालेली एक मालिका चीनमध्ये अतिशय गाजली आणि मोठ्या शहरांतली माणसे तिथे लोटली, असे मी वाचले. त्या खोलीचे भाडे आज काय असेल, याचा विचार मी करीत नाही.

हे सारे चीनपुरते आहे काय? गोव्याच्या किनाऱ्यावर महिनोन्महिने राहणारे परदेशी आपण पाहतो. कोकणात डोंगर-समुद्र दिसणारी जागा शोधत फिरणारी मुंबई-पुण्याची मंडळीही आपण पाहतो. "अजून इथे स्वस्त आहे" हे वाक्य त्यांच्याही तोंडी असते. तिथेही एक आयी असते, एक दीर असतात आणि दुरून कामाला आलेली एक मुलगी असते. म्हणून परदेशी जाणाऱ्या माझ्या मैत्रिणींना माझे सांगणे एवढेच आहे : जा, राहा, त्यांची भाषा शिका, पण ज्या भावात शेजारी राहतात तो भाव आधी विचारा, आणि तुमच्या जागी आधी कोण होते तेही विचारा.

गेल्या जूनमध्ये महाविद्यालयाजवळ मी खोली घेतली, तेव्हा घरमालकिणींना मी पहिला प्रश्न हाच केला. "काकू, माझ्या आधी इथे कोण राहत होते? ते का गेले?" काकूंनी माझ्याकडे संशयाने पाहिले. त्यांना वाटले, खोलीत भूतबीत आहे का याची मी चौकशी करते आहे. "तुला काय करायच्यात नसत्या चौकशा?" त्या म्हणाल्या. मग थोडे थांबून म्हणाल्या, "एक नर्सिंगची मुलगी होती. भाडे वाढवले, तिला परवडेना." आणि किल्ली माझ्या हातात ठेवताना त्यांनी स्वतःहून दोनशे रुपये कमी केले. ते का केले, हे मी विचारले नाही. त्या मुलीचा पत्ता मात्र मी मागून घेतला आहे. खोलीत दुसऱ्या खाटेपुरती जागा आहे.